निळे ठिपके, निळे पट्टे: अनोळखी माशीचा माग (नोंदी)

दिवस १. सब्जाच्या मंजिऱ्यांवर काळी, निळ्या खुणांची माशी. दोन सेकंद एका फुलावर, की लगेच पुढचं. ३२ फोटो काढले, त्यातला कामाचा एकच, तोही पाठमोरा. वहीत लिहून मोकळा झालो: अमेजिला, म्हणजे आपली नेहमीची निळ्या पट्ट्यांची माशी, मधमाशीच्याच कुळातली.

दिवस २. फोटो मोठा करून पाहिला आणि चुकचुकलो. अमेजिलाच्या पोटावर निळे पट्टे आडवे, सलग असतात. इथे मधे काळं आणि दोन्ही कडांना निळे ठिपके. स्वतःची समजूत काढली की म्हातारी माशी असेल, केस झडून पट्टे तुटले असतील. केस झडतात हे खरंच आहे. पण एवढी झिजलेली माशी असेल तर पंखांच्या कडाही फाटलेल्या दिसतात, आणि हिचे पंख कोरे करकरीत. शिवाय अमेजिलाची छाती दाट लवेची असते. हिची जवळजवळ काळीच, वर थोडे फिकट ठिपके. म्हातारपणाची गोष्ट तिथेच सोडली.

दिवस ५. मागच्या पायांवर परागाचा कण नाही, पराग धरणारे दाट केसही नाहीत. 'ही पराग गोळा न करणारी माशी' या निष्कर्षावर मी उडीच मारणार होतो, पण थांबलो: नराच्या पायांवरही ते केस नसतात. नुसत्या उघड्या पायांवरून निकाल देणाऱ्यांत मीही होतो, गेल्या वर्षी त्यातच फसलो. म्हणजे आधी नर की मादी ते ठरवायला हवं. मादीच्या मिशांना १२ खंड, नराच्या १३. उडत्या माशीच्या मिशा मोजणार कोण?

दिवस ९. उजाडायच्या आत गेलो. अशा बऱ्याच माश्या रात्री वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपतात, आणि ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. तिसऱ्याच काडीवर सापडली, पाय पोटाशी घेऊन जबड्यावर लोंबकळत. बाजूने, वरून, समोरून, हवे तितके फोटो मिळाले. (दिवसा तासन् तास पाठलाग केला त्याचं वाईट वाटलं.)

मिशा तीनदा मोजल्या. १२. मादी, आणि पायांवर परागाची सोयच नाही! म्हणजे ही पिल्लांसाठी पराग गोळाच करत नाही. ही थायरियस, माश्यांमधली कोकिळा. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात, ही घालते अमेजिलाच्या, जमिनीतल्या किंवा मातीच्या भिंतीतल्या बिळात. पुढे तिची अळी यजमानाचं पिल्लू संपवते आणि त्याच्यासाठी साठवलेल्या परागावर वाढते. जिचं नाव मी हिला चिकटवलं होतं, तिच्याच घरात ही घुसते.

पाठीमागून काढलेल्या फोटोत आणखी एक पुरावा निघाला: छातीच्या शेवटी चपटी ढाल, तिची मागची कड मधोमध खाचलेली. ही खाच अमेजिलाला नसते. या प्रजातीतल्या जाती वेगळ्या करताना खाचेचा नेमका आकार बघतात, त्यामुळे ठिपक्यांच्या भरवशावर जातीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. वहीत आता एवढंच: थायरियस, मादी.

दिवस १०. ढालीचा सरळ वरून फोटो हवा आहे. पहाटे गेलो तर त्याच काडीवर दोघी.