सिम नोंदवही: स्पावर 917 के आणि एफएक्सएक्स के

सध्या असेटो कोर्सा या रेसिंग सिम्युलेटरमध्ये बेल्जियमचा स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅक आणि दोनच गाड्या. एक पोर्शे 917 के, 1970 ची. दुसरी फेरारी एफएक्सएक्स के, 2014 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा दाखवलेली. फेरारीला कारखान्याने दिलेली इलेक्ट्रॉनिक मदत तेवढी चालू ठेवलीय. पोर्शेकडे बंद करण्यासारखं काही नाहीच.

लॅप फेरारीचीच वेगवान, त्यात गंमत नाही. गंमत स्पाच्या पूहाँमध्ये आहे. उतारावरचं ते लांबलचक दुहेरी डावं वळण. 917 तिथे उजव्या पायावर चालते: थ्रॉटल जरा सोडला की नाक आत वळतं, जरा दिला की मागचं बाहेर सरकायला लागतं. जेमतेम 800 किलोच्या गाडीत 580 च्या आसपास हॉर्सपॉवर, त्यामुळे पाय सतत कामात. फेरारीत नेमकं उलटं. ताशी 200 किमीला 540 किलो डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर), म्हणजे जोरात गेलात तर ती चिकटते आणि घाबरून वेग उतरवलात तर पकडही उतरते. टेलिमेट्रीत, म्हणजे लॅपच्या नोंदवलेल्या आकड्यांत, माझा थ्रॉटल अजून तिथे दचकतो. डोक्याला पटलंय, पायाला नाही.

रिगमध्ये, म्हणजे स्टीअरिंग-पेडलच्या माझ्या मांडणीत, मोठा बदल 917 साठीच करावा लागला. या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गिअरचा दांडाही त्याच्या उजव्याच हाताला. आपण सगळे डाव्या हाताने गिअर टाकणारे! शिफ्टर काढून पलीकडच्या बाजूला बसवला. खालचा गिअर घाईत पडला की बारा सिलिंडर 8,400 आरपीएमच्या पार जातात आणि मग इंजिन गेलंच, थेट पिट. फेरारीत दोन पॅडल, सात गिअर, विषय संपला.

ब्लांशिमाँ या स्पाच्या वेगवान डाव्या वळणाला 917 अपेक्षेपेक्षा शांत वाटते, आणि त्याचं श्रेय किड्यांना. 1969 च्या मूळ लांब शेपटीच्या गाड्या सरळ रस्त्यावरसुद्धा भरकटायच्या. त्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या ऑस्टेरराइखरिंग ट्रॅकवरच्या चाचणीत 917 पळवणाऱ्या जॉन वायरच्या टीममधल्या जॉन हॉर्समनच्या लक्षात आलं, की पुढे किडे चिकटून मेलेत, पण मागचे स्पॉइलर स्वच्छ आहेत. म्हणजे हवा तिथवर पोचतच नव्हती! तिथल्या तिथे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट आखूड आणि उंच केली आणि गाडी माणसात आली. नावातला ‘के’ त्याच आखूड शेपटीचा. फेरारीत हेच काम विंड टनेल आणि संगणकाने आधीच उरकलेलं असतं. माझं मत विचाराल तर पत्रा ठोकणाऱ्यांना.

पुढचा मुक्काम इटलीतला मोंझा ट्रॅक. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या लांबलचक नोर्डश्लाइफ ट्रॅकचाही विचार होता, पण 1970 मध्ये खुद्द पोर्शेने तिथे 917 बाजूला ठेवून छोटी 908/03 उतरवली आणि तीच जिंकली. तिथे 917 नेलीच, तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी) आधी पुढे सरकवून.