भूतकेस पिवळा का पडत होता ते सापडलं, आणि देशी झाडांची यादी परत बदलली

मंडळी, भूतकेसाचं, म्हणजे अंगणात फुलपाखरांसाठी लावतेय त्या देशी झाडांपैकी एका झुडपाचं, कोडं सुटलं एकदाचं! मागच्या अपडेटमधले फोटो ज्यांनी बघितले त्यांना आठवत असेल, शेंड्याकडची पानं पिवळीधम्मक आणि शिरा मात्र हिरव्या, जणू कुणी हिरव्या पेनने एकेक शीर गिरवलीये. शेजारच्या पेंटकुळीचं, म्हणजे नर्सरीवाल्यांच्या एक्झोराचं, तेच. जमिनीत लावलेला भूतकेस तर गेल्यातच जमा होता, कुंडीतला जेमतेम तग धरून होता.

सल्ले भरपूर आले, सगळ्यांचे आभार. शेणखत वाढव, पाणी कमी कर, पाणी वाढव, एप्सम सॉल्ट फवार, ताक घाल. पण पिवळेपणात आधी बघायचं असतं ते कुठली पानं पिवळी पडतायत. नायट्रोजन कमी असेल तर खालची जुनी पानं आधी जातात आणि शिरांसकट अख्खी पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात खऱ्या, पण सुरुवात तरीही खालच्या पानांपासूनच. इथे खालची पानं ठणठणीत आणि नवी कोवळी पानं पिवळी, म्हणजे लोह. झाडाला जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला देता येत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की पहिला फटका शेंड्याला.

इथपर्यंत आपण मागच्या वेळीच आलो होतो आणि म्हणून हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) दिला होता. त्याने झालं काय, तर पानांवर फवारल्यावर जिथे थेंब पडले तिथे हिरवे ठिपके उमटले आणि पुढची पालवी परत पिवळी. मुळाशी घातलेल्या हिराकसाचा तर काहीच उपयोग दिसला नाही. मातीत लोह नाही असं होत नसतं, भरपूर असतं, मग ते जातं कुठे हा प्रश्न डोक्यातून जाईना.

उत्तर खड्डा खणताना मिळालं. जमिनीतला भूतकेस हलवायचा म्हणून खणायला घेतलं तर काळ्या मातीत वाटाण्याएवढे पांढरट खडे निघायला लागले. चुनखडी! त्यातली थोडी माती वाळवून वाटीत घेतली, वर साधं व्हिनेगर ओतलं, आणि माती फसफसायला लागली. बारीक बुडबुडे कडेकडेने वर येत होते आणि वाटी कानाजवळ नेली तर चरचर आवाज ऐकू येत होता. खात्री करायला कुंडीतली लाल माती दुसऱ्या वाटीत घेतली, ती गप्प. इतका आनंद मला बऱ्याच दिवसात कशाने झाला नव्हता.

तर प्रकार असा आहे. चुनखडी असलेल्या मातीचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल) आठच्या आसपास जातो आणि तिथे लोह विरघळतच नाही, मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. हिराकस घातला तरी त्यातलं लोह भराभर गंजून तसंच बसतं. गंधक घालून पीएच खाली आणू म्हणाल तर मातीतले जिवाणू हळूहळू त्याचं आम्ल करतात हे खरं, पण एवढा चुना खाली बसलेला असताना तो सगळं आम्ल पिऊन टाकतो. ताक आणि लिंबाच्या पाण्याचं तर विचारूच नका. आणि भूतकेस, पेंटकुळ ही कॉफीच्या कुळातली मंडळी, सह्याद्रीतल्या भरपूर पावसाने धुतलेल्या, आम्लधर्मी लाल मातीत वाढलेली. त्यांना चुन्याची काळी माती मानवणारच नाही.

पण मग कुंडीतला का पिवळा? तिथे काळी माती नाहीच, लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं कोकोपीट आहे. आणि तो पावसाळ्यात हिरवा होतो, उन्हाळा आला की पिवळा. सगळे म्हणत होते सीझनचं आहे. सीझनचं आहेच, पण उन्हाचं नाही, पाण्याचं! पावसाळ्यात कुंडीला पावसाचं पाणी मिळतं आणि एरवी बोअरचं, ज्याने किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ते. तेच क्षार रोज कुंडीत, म्हणजे चांगली माती बनवून आपणच तिच्यात थोडा थोडा चुना घालत राहतो. आता एका भूतकेसाच्या दोन फांद्यांपासून केलेली रोपं शेजारी शेजारी ठेवलीयेत, माती तीच, ऊन तेच, एकाला बोअर आणि दुसऱ्याला ड्रममधे साठवलेलं पावसाचं पाणी (ड्रमला वर जाळी घट्ट बांधा, नाहीतर डास). पावसाच्या पाण्यावरच्या रोपाची नवी पालवी गडद हिरवी आलीये. जुनी पिवळी पानं काही सुधारली नाहीत, त्यांच्याकडे बघायचंच नाही, निकाल नव्या पानात बघायचा.

आणि त्याच हिरव्या रोपावर कमांडरची अळी!! भूतकेस लावला तो या फुलपाखरासाठीच. अळी पान टोकाकडून खात येते, मधली शीर तशीच ठेवते आणि तिच्या टोकाला स्वतःच्या विष्ठेचे कण चिकटवून ती शीर आणखी लांबवते आणि त्या काडीवर जाऊन बसते. वाळकी काटकी समजून मी ती तोडणारच होते, तेवढ्यात हलली.

साहित्याबद्दल दोन शब्द. दोन धातूच्या काड्या मातीत खुपसायचे ते स्वस्त पीएच मीटर घेऊ नका, माझ्याकडचं काळ्या आणि लाल मातीला एकच आकडा दाखवतं, त्यापेक्षा व्हिनेगरची वाटी खरं बोलते. लोहाचं चिलेट (लोह विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं खत) घ्यायचंच असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा, ईडीटीए साडेसहाच्या वरच्या पीएचला लोह धरून ठेवत नाही आणि दुकानात बहुतेक तेच पुढे करतात. मी तरी दर महिन्याला चिलेट पाजून झाड जगवणार नाही, ज्या झाडाला इथली माती चालते ते लावावं हे जास्त बरोबर वाटतं. नर्सरीवाल्यांवर मात्र राग आहे. ‘देशी’ची पाटी लावून चाफा (सोनचाफा नव्हे, प्लुमेरिया) आणि बोगनवेल विकतात, दोन्ही मूळ अमेरिका खंडातले. आणि एका नर्सरीने तर भूतकेस म्हणून गुलाबी संकर माथी मारला होता. इथल्या भूतकेसाची फुलं छोटी नारिंगी आणि सोबत एकच पांढरं पानासारखं दल असतं, एवढं बघून घ्या.

यादी बदलते ती इथे. आत्तापर्यंत मी फुलपाखरू बघून झाड निवडत होते, आता आधी माती. जमिनीत फक्त दख्खनच्या माळावरची, काळ्या मातीला आणि कोरड्या उन्हाळ्याला सरावलेली झाडं, म्हणजे पावसात ही माती फुगून पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात ते दोन्ही सोसणारी. तरवड तर आहेच आणि जोरात आहे, त्याच्यावर मोठा काळा भुंगा येतो तेव्हा ऐकत उभं राहावं, फुलाला धरून तो पंख न हलवता अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पिवळी पूड उडते. बी पेरण्याआधी पॉलिश पेपरवर घासा, कवच फार कडक असतं. त्याच्या मागे निर्गुडी, ती ओढ्याकाठची पण कोरड्यातही टिकते, पाणी साचतं त्या कोपऱ्यात तीच जाईल आणि तिच्या पायथ्याशी वाळा. कुंपणावर वाघाटी, काटे आहेत पण पायोनियर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. कडेला काटेकोरांटी. रुई आपली आपण आलीये, प्लेन टायगर फुलपाखरासाठी ती ठेवणार, घरचे काहीही म्हणोत.

माकडलिंबू जमिनीत लावायचा बेत रद्द. ब्लू मॉरमॉन 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे आणि ते अंगणात यावं ही फार इच्छा आहे, पण त्याच्या अळ्यांना लागणारं हे झाड लिंबाच्या कुळातलं आणि लिंबाला चुनखडीत हाच पिवळेपणा येतो. म्हणून मोठ्या कुंडीत, लाल मातीत, पावसाच्या पाण्यावर.

पण ड्रम फेब्रुवारीतच संपणार, मग पुढे काय हा विचार करत होते आणि हे लिहिता लिहिता सुचलं, एसीचं पाणी! ते हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, आणि बरोबर उन्हाळ्यातच मिळतं जेव्हा पावसाचं संपलेलं असतं. पाइप सरळ कुंड्यांकडे वळवला की झालं, उद्याच बघते. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र या कुंड्यांना अजिबात नको, त्यात उलट सगळे क्षार एकवटलेले असतात, आमच्याकडे ते आजपासून फरशी धुवायला.

जमिनीतला भूतकेस उचलून कुंडीत घेतलाय, मुळं बरी दिसली, जगला तर फोटो टाकते. वाघाटीचं बी किंवा रोप कुणाकडे असेल तर कळवा, बदल्यात तरवडाचं बी हवं तेवढं देते. आणि ज्यांच्या पेंटकुळी पिवळ्या आहेत त्यांनी आजच वाटीत माती घेऊन व्हिनेगर घाला आणि फसफसली की नाही ते इथे सांगा, किटलीचा तळही बघून ठेवा.