बांबूचं पान काचेत उतरलं

स्वयंपाकघराच्या जुन्या खिडकीतले चार शिंपले निखळले, तिथून हे सुरू झालं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लाकडी पट्ट्यांत बसवलेले पातळ, दुधाळ शिंपले असायचे. उजेड आत येतो, ऊन मात्र बाहेरच राहतं. तसे शिंपले आता मिळत नाहीत, आणि झुआरीच्या मुखाकडे चिखलीच्या खाडीत अजून जिवंत आहेत ते तिथेच राहावेत असं मला मनापासून वाटतं. काचेचं काम मी करते, मग ती जागा काचेनंच भरायची ठरवली. दोन काचांच्या मध्ये आपल्याच बागेतलं पान ठेवून, विजेच्या भट्टीत त्या एकजीव करून.

मे महिन्यात फोंड्याला माझा दिवस साडेपाचला उजाडतो. विहिरीचा पंप लावायचा, मोगरा आणि अबोलीच्या बुंध्याशी पातेऱ्याचा, म्हणजे वाळल्या पानांचा, जाड थर आहे तो बाजूला सारून पाणी द्यायचं, पातेरा परत ओढून घ्यायचा. हा थर नसेल तर दुपारपर्यंत माती फुटते. आठ वाजले की बाग पुरे. मग ओसरीवर काच कापायची. रॉकेलमध्ये बुडवलेला हिरा एकाच दाबानं, न थांबता ओढला की करकर असा बारीक सलग आवाज येतो. तो मध्येच तुटला तर काच हमखास वाकडी जाणार.

काच मी साधी, खिडकीचीच घेते, चार मिलिमीटरची. दोन्ही तुकडे एकाच तावातून कापायचे, हे मात्र मी मोडत नाही. वेगवेगळ्या तावांचं प्रसरण थोडं जरी वेगळं असलं तरी भट्टीत जुळलेल्या काचा गार होताना एकमेकींना ओढतात.

पहिलं पान फणसाचं घेतलं आणि चुकलं. वरून वाळलेलं दिसत होतं, पण जाड पानाच्या शिरेत ओल राहते. तिची वाफ झाली आणि काचेत बशीएवढा फुगा आला. पानं मी गच्चीवर सासूबाईंच्या भिरंडाच्या (कोकमाच्या) सालींशेजारी वर्तमानपत्रात दाबून वाळवत होते. दुपारी कुरकुरीत झालेलं पान संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यानं पुन्हा मऊ पडतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाई साली चारलाच आत का नेतात, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या वेळी मी पिंपळाचं पान घेणार होते. त्या म्हणाल्या, "पिंपळ भट्टीत घालायचा नाही. कुंपणाचा बांबू आहे ना, तो घे." मी घेतला, आणि नंतर विचार केला तेव्हा त्यांचं सांगणं कामाच्या अंगानंही किती योग्य होतं ते उमगलं. भट्टीत पान जळतं, पण त्यातली खनिजं राखेच्या रूपानं जागच्या जागी राहतात. बांबूच्या पानात सिलिका भरपूर असते. काच जिच्यापासून होते तीच. म्हणून त्याच्या राखेचा ठसा दाट आणि रेखीव येतो.

ती भट्टी दुपारी तीनला लावली. तासाला १२० अंश चढवत ६५० पर्यंत न्यायची, तिथे पाऊण तास थांबायचं, म्हणजे कडा चिकटायच्या आत धूर आणि हवा निघून जाते. (या वेळी खिडक्या सताड उघड्या ठेवा, वास उग्र असतो.) मग ८१० ला काचा जुळतात, आणि ५४० वर उतरवून दीड तास धरायचं. हा दीड तास सगळ्यात मोलाचा. काचेच्या अंगातला ताण इथे सुटतो. नेमकी अकरा वाजून वीस मिनिटांनी वळवाची वीज कडाडली आणि लाईट गेली. अंधारात मी भट्टीवर हात न ठेवता नुसती जवळ बसून राहिले. झाकण उघडायचं नाही एवढंच हातात होतं. दीड तासानं लाईट आली तेव्हा आकडा ३४० होता. सकाळी काच अखंड निघाली, ठसाही सुंदर, एकेक समांतर शीर दिसत होती. दोन दिवसांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या टक् करून मधोमध तडकली. मला रडू आलं.

इन्व्हर्टरवर भट्टी चालत नाही. मग वेळच बदलली. वळीव आमच्याकडे बहुतेक संध्याकाळनंतर येतो, म्हणून पहाटे तीनला उठून भट्टी लावली. अकराच्या सुमारास ५४० आलं, साडेबारापर्यंत तिथेच धरलं, पुढे तासाला ५० अंशांनी ३७० पर्यंत. चार वाजेपर्यंत धोक्याचा टप्पा सरला. त्याच वेळी सासूबाई साली आत नेत होत्या. सिरॅमिक फायबरची रजई भट्टीवर टाकायला तयार ठेवली होती, ती लागली नाही.

झाकण मी दुसऱ्या दिवशी सकाळी, बागेला पाणी घातल्यावर उघडलं. पांढुरकं पान, देठाजवळ धाग्याएवढे दोन बुडबुडे. आता ते खिडकीत शिंपल्यांच्या रांगेत बसलंय. सकाळी साडेसातला त्याची सावली चुलीशेजारच्या भिंतीवर पडते आणि नऊपर्यंत ओट्यावर उतरते.

अजून तीन जागा रिकाम्या आहेत. गवती चहाची पाती वर्तमानपत्रात घातली आहेत. पाऊस लागायच्या आत वाळायला हवीत.