सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही

परवा संध्याकाळी ग्राउंडवर खो-खो खेळताना एक पोरगं खांबाला वळसा मारताना पडलं, घोटा आत मुरगळला, आणि दोन मिनिटांत त्याच्याभोवती चार जण गोळा. एक म्हणतोय पाय धरून झटका दे, दुसरा म्हणतोय तेल कोमट करून चोळा. मी पळत जाऊन आधी सगळ्यांचे हात बाजूला केले. जरा जोरातच बोललो असेन, पण हे सगळं माझ्या पायावर होऊन गेलंय.

कॉलेजात असताना माझा उजवा घोटा असाच गेला होता. सीनियर पोरं मला गाडीवर घालून एका पाय बसवणाऱ्याकडं घेऊन गेली, त्यानं चोळून चोळून खेचला, आणि रात्री पायात चप्पल बसेना, घोट्याचं हाड कुठंय ते दिसेना. पंधरा दिवसांनी सूज उतरली, दुखायचं थांबलं, मी परत खेळायला लागलो आणि महिन्याभरात परत मुरगळला. दोन वर्षांत चारदा. शेवटचा तर खेळताना पण नाही, नवी पेठेत रस्त्यावरच्या खडीवर पाय पडला तेवढंच.

मग एकानं सांगितलं म्हणून फिजिओ मॅडमकडं गेलो. मला वाटलं मशीन लावतील, लाईटचा शेक देतील. त्यांनी काहीच लावलं नाही, म्हणल्या एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. डाव्या पायावर आरामात उभा राहिलो, त्यांनी तीस मोजून थांबवलं. उजव्यावर चार मोजेपर्यंत बोटं फरशी धरायला लागली, घोटा थरथरायला लागला आणि मी भिंत पकडली. दुखत नव्हतं, सूज नव्हती, आणि तरी पाय उभा राहत नव्हता! त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की चार वेळा का मुरगळला ते.

मॅडमनी समजावलं ते असं. पाय आत वळला की बाहेरच्या बाजूचं, घोट्याच्या पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी, बहुतेक वेळा सगळ्यात आधी ताणतं किंवा फाटतं. पण लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, पाऊल किती वाकडं पडलंय ही खबर मेंदूला देणारी नसांची टोकं पण त्याच्यात असतात, ती बिघडली की खबर उशिरा पोचते आणि बाहेरचे स्नायू आवळेपर्यंत पाय वळून गेलेला असतो. दुखणं कमी झालं म्हणून ती खबर आपोआप सुधारत नाही, ती शिकवावी लागते. म्हणून रबरी बँड पावलाला अडकवून बाहेर ढकलायचं, दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून, ते जमलं की उशीवर उभं राहून, आणि सगळ्यात शेवटी उड्या, वळणं, खांब. सलग तीन महिने केलं. त्यानंतर आजपर्यंत घोटा गेलेला नाही.

आता त्या पोराचं. आधी बघितलं चार पावलं टाकता येतात का आणि घोट्याच्या दोन्ही बाजूच्या हाडांच्या मागच्या कडेला दाबून दुखतंय का. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये हे नियम मांडले, चार पावलं पण टाकता येत नसतील किंवा हाडावरच दुखत असेल तर सरळ एक्स-रे. (पायाच्या मधल्या भागाची दोन हाडं पण तपासतात, ते डॉक्टरांवर सोडा.) तो लंगडत चालला, हाडावर दुखत नव्हतं, म्हणून क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर वर ठेवायला सांगितला. दुखलं तर थोडा वेळ बर्फ, फडक्यात गुंडाळून. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं तर अजिबात नाही. पण आठवडाभर खाटेवर पडून राहणं पण नको. आराम, बर्फ, पट्टी, पाय वर हा फॉर्म्युला 1978 मध्ये अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी दिला होता, आणि त्यांनीच 2014 ला सांगितलं की जास्त बर्फ आणि पूर्ण आराम यानं भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. सोसेल तेवढं वजन टाकत चालायचं.

गुडघ्याचं मात्र वेगळं हं. पडताना आत कट्ट आवाज आला आणि तासा-दोन तासात गुडघा फुगला तर घरचे उपाय करू नका, त्याच दिवशी ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखवा, गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट गेलेलं असू शकतं. त्याचं ऑपरेशन झालं तर नऊ महिन्यांच्या आत खेळायची घाई करू नये.

आणि हे काय नुसतं खेळणाऱ्यांचं दुखणं नाही ओ. आमच्या ओळखीच्या एक अक्का सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतात, सकाळपासून मांडी घालून, मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्या व्हायला दिवस जातो. गुडघे इतके धरायचे की उठताना हातानं भिंत चढत उठायच्या. दहा दिवस कुठंतरी मशीन लावून आल्या, तेवढे दिवस बरं वाटलं, मशीन थांबलं की परत तेच. शेकानं आराम पडतो, पण मांडीच्या स्नायूत ताकद येत नाही, आणि झिजलेल्या गुडघ्याचा भार घ्यायला तोच स्नायू लागतो. मी त्यांना मॅडमकडं घेऊन गेलो. व्यायाम एवढाच, पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, दहा मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची, असं दहा वेळा. नंतर पाय सरळ ठेवून वर उचलायचा. आणि कामाला पाट सोडून खुर्ची, सूप स्टुलावर. खुर्चीला त्या तयारच नव्हत्या, म्हणायच्या हात बसत नाही, वेग जातो, आणि मजुरी विड्यांच्या हिशोबानं मिळते तर त्यांचं पण खरंच आहे. शेवटी असं ठरलं की अर्धा वेळ खुर्ची, अर्धा वेळ पाय लांब करून.

दोन महिने झाले. परवा गेलो तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, टॉवेल गुडघ्याखाली, आणि तेलुगूत मोजत होत्या, ओकटी, रेंडु, मूडु... पदि, म्हणजे दहा झाल्याशिवाय माझ्याकडं बघितलं पण नाही. मग खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, भिंतीला नाही, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्या पोराला मी आजपासून एका पायावर उभा करायलालोय. अजून सहापर्यंतच जातंय.