दिवस निघायच्या आत पाहिलेली गाडी

मे महिन्यात आमच्याकडे बॉनेटला हात लावून काही कळत नाही. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तसाही चटका देतो. इंजिन तासाभरापूर्वी चालवून गरम केलंय की नुसतं ऊन लागलंय, हे हाताला ओळखूच येत नाही. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा बयान्याचे पैसे माझ्या खिशात होते.

गाडी होती फियाटची अबार्थ पुंटो. पांढरी, कडेला लाल पट्टा, चाकांवर विंचवाचं चिन्ह. २०१५ च्या ऑक्टोबरात ती निघाली तेव्हा दिल्लीत शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार होती. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, शून्यावरून १०० वर ८.८ सेकंदांत, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तेव्हा मी हिंगणघाटला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली होतो. मोबाईलमध्ये तिचा फोटो साठवला होता. त्यानंतर तीन मोबाईल बदलले, फोटो प्रत्येकात आला. आता हंगाम संपल्यावर जिनिंगच्या मशीनच्या ओव्हरहॉलिंगचं काम मीच घेतो, दोन वर्षं कपाशीनंही साथ दिली, म्हणून निघालो.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, गाडी एकदम मक्खन आहे." चावी फिरवली, खरंच मक्खनसारखी लागली. मीटरवर २८ हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं तर त्यावरच्या रेघा पार गेलेल्या, अंगठा फिरवला तर गुळगुळीत. डिस्कच्या काठाला नख लावलं तर नख अडकलं, इतकी कड उभी राहिली होती. २८ हजारांत एवढी झीज होत नाही. तरी मन मानत नव्हतं. आवडती गाडी पुढे उभी असली की माणूस तिची बाजू घेऊन स्वतःशीच भांडतो. मी म्हटलं, उद्या सकाळी सहाला येतो, तोवर गाडी चालू करू नका.

रात्री मानेवाड्याला ताईकडे राहिलो आणि साडेपाचलाच दुकानाच्या दाराशी उभा झालो. आत झोपणारा पोरगा डोळे चोळत आला. तो खरं बोलला. "काका, तुमी येयाच्या आंधी दहा मिन्टं चालू करून ठेव म्हनून मालकानं सांगतलं होतं. आता तुमी आलेच त काय करू?" मी त्याला म्हटलं, काही करू नको बाळा, फक्त बॉनेट उघड.

पहाटे लोखंड खरं बोलतं. रेडिएटरचा वरचा पाइप थंडगार, म्हणजे रात्रभर गाडी बंद होती. मी मागे सायलेन्सरजवळ बसलो आणि पोराला चावी फिरवायला लावली. आधी कडकड असा आवाज, तीन-चार सेकंद, मग निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा टर्बोमधून झिरपलेलं ऑइल पहिल्या स्टार्टला असं बाहेर पडतं, आणि इंजिन गरम झालं की धूर दिसेनासा होतो. म्हणून तर दहा मिनिटं आधी चालू करायची होती. हिवाळ्यात सकाळी थोडी पांढरी वाफ निघाली तर घाबरायचं कारण नाही, पण आमच्या मे महिन्यात पांढरी वाफसुद्धा निघाली तर कूलंटची चौकशी करायची.

तेवढ्यात उजाडलं. तिरप्या उजेडात पत्रा पाहावा, दुपारच्या उन्हात तो सगळा सारखाच चमकतो. डाव्या दारावर उजेडाची रेघ सरळ यायची सोडून पाण्यासारखी हलली. म्हणजे आत पुट्टी. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागला आहे. इंजिनच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके असायला पाहिजे होते, तिथे सीलंट थापलेलं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनरही मी नेला होता, मोबाईलला जोडायचा साधा ब्लूटूथचा. दोष एकही दाखवला नाही, पण गाडी स्वतः ज्या तपासण्या चालता चालता करते, त्या सगळ्या अपूर्ण. रोजच्या गाडीत त्या पूर्ण असतात. कोणीतरी नुकतेच दोषांचे कोड पुसले होते नाहीतर बॅटरीची तार काढली होती. पोराच्या हातावर चहाचे पैसे ठेवले आणि पहिल्या एसटीनं परत आलो. फार वाईट वाटत होतं. बुटीबोरीपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत होतो.

तशीच दुसरी गाडी पांढरकवड्याला सापडली, एका डॉक्टरांकडे. त्यांना फोनवर म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पहाटे यायचं आहे." ते म्हणाले, "या ना, मी तर पाचलाच उठतो." मोटरसायकलनं वडनेर, वडकी, करंजी करत अंधारातच निघालो. गाडी पोर्चमध्ये, थंड. पहिल्याच चावीत लागली, मागे धूर नाही. मग मी माझा लांब पेचकस काढला. जिनिंगमध्ये आम्ही बेअरिंग असंच ऐकतो, टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडावर. चांगली बेअरिंग एकसारखी घुमते. खराब होत असलेलीत वाळू चावल्यासारखी खरखर येते. अल्टरनेटर ठीक होता. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर मात्र हलकी खरखर होती. डॉक्टरांनाही मूठ कानाला लावून ऐकवली. ते हसून म्हणाले, "आमचा स्टेथोस्कोप हेच काम करतो." त्यांनी तिथल्या तिथे पंधरा हजार कमी केले.

सात वाजता हायवेवर नेली. तिसऱ्या गिअरला, कमी वेगावरून एकदम पाय दाबला. इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा आणि गाडीचा वेग बरोबरीनं चढले पाहिजेत. नुसता आकडा चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. ताकद वाढवायला या गाडीचं रीमॅप करणारे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणारे पुष्कळ, आणि तो भार आधी क्लचवर येतो. ही घसरली नाही. उलट पाठ सीटला चिकटली, आणि मी दहा वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते कसं असतं ते कळलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिता येत नाही.

तरी लगेच पैसे दिले नाहीत. दुपारी दोनपर्यंत थांबलो. डॉक्टरांच्या घरी जेवलो, आणि भर उन्हात गाडी अर्धा तास एसी लावून जागेवर चालू ठेवली. पंखा वेळेवर लागत होता, तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही, हवा थंडच. विदर्भात घेणाऱ्यानं पहाट आणि दुपार, दोन्ही पाहावं.

टायर चारही जुने निघाले. त्यांवर चार आकडे असतात, १४१६ म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबराला बारीक भेगा. टायमिंगचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टाही कधी बदलल्याची पावती नव्हती. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय थांबत नाही. हा खर्च धरून सौदा ३ लाख ९० हजारांवर ठरला. कर्ज फिटलेलं होतं, बँकेची एनओसी आणि आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ त्यांनी फाइलमधून काढून दिले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आरसीवरचा चेसिस नंबर मी गाडीवरच्या नंबराशी एक-एक अक्षर बोट ठेवून जुळवला.

पट्टा, टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप मी पुढच्या रविवारी बदलले. जुना पट्टा उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी भेगा उघडल्या.

गाडी घरी आणली तेव्हा बाबा बाजेवरून उठून आले. पुढच्या सीटवर बसताना टोपी छताला लागली, ती काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मग वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बहुत खाली हाय रे. आपल्या फाटकातून कशी येईन?"

बरोबरच होतं. जमिनीपासून जेमतेम १५५ मिलिमीटर, आणि आमच्या गल्लीची काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. दुसऱ्या दिवशी एक ब्रास मुरूम टाकला. बाबा फावडं घेऊन आले आणि फाटकापुढचा चढ त्यांनीच घोळला.