आमची वाटचाल : आधी मीटर, मग बॅटरी

१९९८ ला कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आम्ही गाडीत स्पीकर-ॲम्प बसवायचं आणि वायरिंगचं दुकान टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. तो मूळचा गाड्यांचा वायरमन, मी नुसता गाण्यांचा नाद असलेला. सामान काय, तर सॅनवा कंपनीचा काट्याचा मीटर, सोल्डरिंग गन आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. तो मीटर मी अजून ठेवलाय. गाण्यातला जड ठोका, म्हणजे बेस, पडला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं ते साध्या डिजिटलला कळत नाही, काटा मात्र बरोबर लचकतो. आताच्या पोरांना सांगून पटत नाही, जाऊ दे.

पहिलं गिऱ्हाईक गारगोटी लाइनचे वडापवाले दादा, म्हणजे शेअर जीप चालवणारे. सुमोला दोन वूफर (बेसचे मोठे स्पीकर) टाकलेले आणि तक्रार एकच, गाणं लागलं की हेडलाईट नाचत्यात. दुसऱ्या कुणी त्यांना नवी बॅटरी घ्यायला लावली होती, तरी नाच चालूच. मेव्हण्यानं इंजिन ते बॉडीची अर्थची, म्हणजे निगेटिव्ह जोडणीची, पट्टी काढली, हिरवी पडलेली, ती घासून टोकाला नवं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) मारलं, बस्स. पैसे घ्यायला लाज वाटली इतकं छोटं काम, पण दादा तेव्हापासून आमचे झाले ते झालेच.

मधली वर्षं बरी गेली.

२०१३ ला मात्र धंदा बसायची वेळ आली. एका हॅचबॅकला आम्ही १००० वॅट आरएमएसचा (सतत देता येणारी पॉवर) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, ॲम्प आणि सब (बेसचा स्पीकर) टाकला, आठ दिवसांत गाडी परत, ॲम्प सारखा प्रोटेक्टमध्ये जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतोय, आणि दिवे मंद. माझा संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या डायनामोवर. हिशोब सरळ आहे, क्लास डी म्हणजे साधारण ८० टक्के एफिशियन्सी, म्हणजे १२५० वॅट बॅटरीकडून, साडेतेरा व्होल्टला ९० च्या वर ॲम्पियर, आणि गाडीचा अल्टरनेटर ७० ॲम्पियरचा. पण गाणं काय सतत फुल पॉवरवर नसतं, सरासरी निम्म्याहून कमीच, मग गाडीचे स्वतःचे २५-३० धरले तरी कसंबसं भागायला पाहिजे. मी तिथंच अडकलो आणि तेवढ्यात तो माणूस वैतागून आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेला. तिथं त्याला वीज साठवून झटक्यात सोडणारा १ फॅरडचा (साठ्याचं माप) कॅपॅसिटर विकला आणि वर सांगितलं की ह्यांची वायरिंग गाड्या जाळते. गावात पसरायला किती वेळ लागतो, महिनाभर आमच्या दारात कुत्रं फिरकलं नाही.

कॅपॅसिटरचं सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. १ फॅरड १४ वरून १२ व्होल्टला आला की २६ ज्यूल देतो. १००० वॅटला ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतात, पुढं काय करणार?

आठवड्यात गाडी पुन्हा बंद पडली आणि त्याच्या घरच्यांनी ती मुकाट आमच्याकडे लावली. ह्या वेळी गाण्याऐवजी ५० हर्ट्झचा टोन, म्हणजे एकसारखा जड सूर, लावला आणि नीट मोजलं. वायरभोवती लावून करंट मोजायचा डीसी क्लॅम्प मीटर उसना आणलेला (साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, घेताना बघून घ्या), ८५ ॲम्पियर. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.८ आणि डिकीत ॲम्पवर १०.४! सव्वादोन व्होल्टच्या वर वाटेतच गायब. केबल सोलली, ब्लेडनं तार खरवडली तर आत पांढरं. वरून कॉपरचा मुलामा, आत ॲल्युमिनियम, त्यात करंटला अडथळा जास्त, आणि चार गेज (तारेच्या जाडीचं माप) म्हणून विकलेली ती नुसत्या जाड प्लास्टिकनं जाड दिसत होती. मुंबईच्या होलसेलवाल्यानं खरं कॉपर म्हणून रोल दिला होता. शिवाय आमच्याच पोरानं अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला, त्यानं धातूला धातू नीट लागतच नाही, ती चूक आमचीच.

त्या रोलमधून १४ गाड्या झालेल्या. मेव्हणा म्हणाला, सगळ्यांना फोन कर. पतसंस्थेचं कर्ज काढून सगळ्यांची केबल फुकट बदलली, फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरात, अर्थची जागा चकचकीत घासून. होलसेलवाल्यानं एक रुपया परत दिला नाही. त्या दिवसांत वडापवाले दादा लाइनवरच्या सुमो एकेक करून पाठवत होते, कुणाची अर्थची पट्टी, कुणाचा बल्ब, त्या शे-दोनशेवर घर चाललं.

आणि आताच्या नव्या गाड्या असतील तर एक लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, ॲम्पचा अर्थ थेट त्या टर्मिनलला मारू नका, बॉडीला मारा, नाहीतर सेन्सरला करंट दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो.

त्या हॅचबॅकमधला कॅपॅसिटर आम्ही काढला नाही, गिऱ्हाईकच नको म्हणालं. आमच्या केबलवर त्याच्या डिस्प्लेत निळे १३.६ दिसायला लागले आणि तो विकणाऱ्या दुकानवाल्यानं त्याचाच फोटो काढून फ्रेम करून काऊंटरमागं लावला. अजून आहे तिथं.