बालाघाटावर सावडीचे बारा दिवस

“पैसं घेणार न्हाईस, मग आलीस कशाला गं?”

आजींनी हे विचारलं तेव्हा पाठीवरची पिशवीसुद्धा मी उतरवली नव्हती. मी सांगितलं, रोज पाच-सहा तास पडेल ते काम करीन, दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा द्या, बारा दिवस राहीन. त्यांनी डोळे बारीक करून ऐकून घेतलं आणि सुनेकडं, म्हणजे काकूंकडं, वळून म्हणाल्या, “म्हंजे सावडीला आली म्हण की.” मग पुन्हा माझ्याकडं बघत, “पण तुझ्या रानात आम्ही कवा यायचं?”

मला रान नाही. आजोबा सोलापूरच्या गिरणीत कामाला होते, आमचं घर चाळीतलं. ज्वारी आम्हाला माहीत ती पोत्यातली आणि ताटातली. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, असा सावडीचा सरळ व्यवहार असतो. माझ्या बाजूनं परत करायला काहीच नव्हतं, आणि आजींचा तो प्रश्न पुढचे बारा दिवस माझ्या मागं होता.

सोलापूरहून बार्शीची एसटी धरली की नान्नज, वडाळा, वैराग अशी गावं लागतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आता तिथं क्वचितच दिसतो, पण त्या दिवशी रस्त्यापासून थोडं आत काळवीटं चरत होती. एसटी सोडल्यावर पुढं वडापची जीप, आणि शेवटचे तीन किलोमीटर पायी. वस्तीचं नाव घरच्यांच्या सांगण्यावरून देत नाही. सह्याद्री डोळ्यांत असलेल्या माणसाला बालाघाट हा डोंगर वाटायचाही नाही. माथा सपाट, उतारावर काळा दगड आणि मुरूम, मधूनमधून हिवर, बोर आणि सीताफळीची झुडपं. चढ मात्र फसवा आहे. पिशवीचं ओझं घेऊन वर पोचेपर्यंत दोनदा बसावं लागलं.

घर उताराच्या कुशीत, दगडमातीचं, वर पत्रा. घरात सहा माणसं. दावणीला खिलार बैलांची जोडी, एक गाय, एक म्हैस, आणि मागं चार-पाच शेळ्या. घरामागं गोबरगॅस. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, तेवढंच पाणी घालून ते कालवायचं. हे माझं पहाटेचं काम. पहिल्या दिवशी हात घालायला जड गेलं. तिसऱ्या दिवशी गवताच्या काड्या वेचून काढत, गाठी फोडत शेणकाला करताना थंडीत ते कोमट शेण बरं वाटायला लागलं. हिवाळ्यात गॅस कमी धरतो, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक चुलीवर, तुराट्यांच्या जाळावर. टाकीतून बाहेर पडणारा काला लिंबोणी आणि शेवग्याच्या आळ्यांत जातो.

हे घर स्वयंपूर्ण आहे असं ज्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, तिचं ऐकून माझ्या मनात एक चित्र तयार झालं होतं: कुणावाचून काही अडत नाही असं घर. काकूंना विचारलं तर त्यांनी बोटांवर हिशेब केला. ज्वारी घरची, वर्षाला दहा पोती लागते. तूर, हरभरा, हुलगा, मटकी, भुईमूग घरचा. तेल करडईचं, बी घरचं, पण गाळायचं घाण्यावर. पेंड परत आणायची, ती म्हशीला. दूध, ताक, तूप घरचं. विकत काय? मीठ, चहापत्ती, साखर, गूळ, काडेपेटी, कापड, लोखंड, औषधं, मोबाईलचं रिचार्ज. मग थोडं थांबून म्हणाल्या, “आन धनगराच्या मेंढ्या.” दरवर्षी मेंढरांचा कळप दोन-तीन रात्री रानात बसवतात. लेंड्या आणि मुताचं खत जागेवरच जमिनीला मिळतं, धनगराला बदल्यात ज्वारी. शेजारच्या वस्तीवर बैल आजारी पडला तर यांची जोडी जाते. यांची तूर काढायला ते येतात. असं सगळं काकूंना तोंडपाठ होतं, कुणाचे किती दिवस आपल्याकडं आणि आपले किती दिवस कुणाकडं. कागदावर कुठंच नाही. मी ज्याला स्वयंपूर्ण समजत होते ते घर निम्मं या हिशेबावर उभं आहे, आणि हे कळल्यावर त्या घराबद्दलचा माझा आदर वाढलाच.

खरं काम होतं समतल चराचं, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडव्या, एका पातळीत खणायच्या चराचं.

त्याचं कारण आधी सांगते. या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरतात आणि त्यानंतर पाऊस आला नाही तरी ती येते. खोल काळी माती ओल धरून ठेवते आणि पीक थंडीभर त्या ओलीवर उभं राहतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण इतकी दशकं टिकलं ते याच मातीच्या आणि याच कोरड्या थंडीच्या जोरावर. पण ही झाली खालच्या सपाटीची गोष्ट. उतारावर वीतभर माती आणि खाली मुरूम. तिथं पाणी थांबत नाही, जाताना मातीही घेऊन जातं. काकांची काळी जमीन खाली दोन एकर. ती टिकायची तर वरचा उतार बांधला पाहिजे. एक एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे ४० हजार लिटर पाणी होतं. काकांनी हा आकडा मला उतारावर उभं करून सांगितला, आणि म्हणाले, “आता सांग, ह्येला कुठं बसवायचं?”

आखणी ए-फ्रेमनं. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, आणि टोकापासून दोरीला लोंबता दगड. सपाटी बघायची, दोरी पट्टीवर जिथं येते तिथं खूण करायची, काठ्यांचे पाय उलटसुलट करून पुन्हा खूण, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय रोवून दुसरा फिरवत, चुना टाकत पुढं जायचं. उतारावर एक वळणदार पांढरी रेघ उमटत जाते, आणि तोपर्यंत नुसता माळ दिसत होता तिथं पाण्याच्या नजरेनं जमीन दिसायला लागते. मला हे काम फार आवडलं. म्हणून पाचव्या दिवशी काकांनी आखणी माझ्यावर सोपवली.

त्या दिवशी वारा होता. दगड झुलत राहायचा आणि मी तो पुरता थांबायच्या आत अंदाजानं खूण करत गेले. दोन दिवस आम्ही त्या रेघेवर खणलं. टिकाव मुरमावर आपटला की खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. चर दोन फूट रुंद, फूटभर खोल, खणलेली माती खालच्या अंगाला रचून बांध. तिसऱ्या दिवशी काकांनी बैलगाडीतून पिंपभर पाणी आणलं आणि काही न बोलता चरात ओतलं. पाणी एका जागी थांबलं नाही. हळूहळू सरकत सगळं पूर्वेच्या टोकाला गेलं आणि तिथं साचलं. पावसाळ्यात त्याच टोकाला बांध फुटला असता, आणि आम्ही चर नाही, ओढा खणला असता.

मी रडवेली झाले होते. काका म्हणाले, “पाणी खोटं बोलत न्हाई. बरं झालं, आत्ताच सांगितलं त्यानं.” शेवटचे पंधरा फूट बुजवून, दाबून, नव्या रेघेवर पुन्हा खणले. त्यात आणखी दीड दिवस गेला. शेजारच्या वस्तीवरचे दोघं त्यासाठी येऊन राबले, आणि काकूंच्या तोंडी हिशेबात त्यांचे ते दिवस माझ्या चुकीपायी चढले. बारा दिवसांत चौघांनी मिळून ६० मीटर चर झाला. एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं, म्हणजे एकदा भरला की जवळजवळ ११ हजार लिटर जमिनीत मुरणार. माझ्या तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. आजी रोज रात्री करडईचं तेल कोमट करून हाताला लावायच्या.

तेल लावतानाच त्या १९७२ च्या दुष्काळाचं सांगायच्या. खालच्या ओढ्यावरचा पाझर तलाव तेव्हाच्या दुष्काळी कामावरचा. आजी तेव्हा नवी नवरी, डोक्यावर मातीची पाटी. दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे दुष्काळी कामावर वाटलं जाणारं कोरडं खाणं. “आमी खडी फोडली, माती वाहिली, कशासाठी ते ठावं नव्हतं. पोट भरायचं एवढंच.” त्या तलावाच्या पाझरावर यांची विहीर आजही उन्हाळ्यात टिकते. स्वतःच्या डोक्यावरून वाहिलेल्या मातीनं अडवलेलं पाणी ही बाई पन्नास वर्षं पितेय. हात चोळून घेताना मला काही बोलता यायचं नाही.

नवव्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. इकडं येळवस म्हणतात. बार्शी, धाराशिव, लातूरकडं हा सण दिवाळीच्या तोडीचा आहे आणि सोलापूर शहरात वाढूनही मी तो रानात कधी पाहिला नव्हता. आदल्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर. आणि भज्जी. हरभऱ्याचे सोले, तुरीचे, वाटाण्याचे दाणे, भुईमूग, हाताला लागतील तेवढ्या पालेभाज्या, बेसन लावून आंबट ताकात शिजवलेली. ती सकाळी केलेली दुपारी जास्त चांगली लागते. रानात कडब्याची खोपी केली, आत चुना लावलेले पाच दगड, हे पांडव, त्यांची पूजा. मग काकांनी आंबिलीचा घट घेतला आणि उभ्या ज्वारीला शिंपत, “व्हलगे व्हलगे सालम पोलगे” म्हणत शेताला फेरी घातली. शब्द कानडी वळणाचे, त्यांचा अर्थ घरात कुणी उलगडून सांगितला नाही, आणि मला तो विचारावासाही वाटला नाही. ज्वारी नुकती दाण्यात आली होती. त्या हिरव्या कणसांवर आंबिलीचे थेंब पडताना मी बघत होते.

त्या दिवशी रानात येईल त्याला जेवू घालायचं असतं. चाळीसेक माणसं जेवली. चर खणायला आलेले दोघं, मेंढ्यावाला धनगर, बांधावरच्या वाटेनं जाणारे अनोळखी दोघे-तिघे. संध्याकाळी गवताचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून पोरं शेताभोवती धावली. अंधारात खालच्या सपाटीवर, लांबलांबच्या रानांत, तसेच जाळ फिरताना दिसत होते.

कुणाला असं जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. हिवाळ्यात जा, डिसेंबरची पहाट बालाघाटावर चांगली बोचते, जाड पांघरूण आणि पायात धड बूट हवेत. आणि निदान दहा दिवस तरी राहा. पहिले तीन दिवस त्यांनाच तुम्हाला शिकवण्यात घालवावे लागतात, चौथ्या दिवशी निघून गेलात तर त्यांचं काम तुम्ही वाढवून गेलात.

निघताना काकूंनी ज्वारी, हुलगा आणि कडक भाकरी बांधून दिली. मी संकोचून आजींना म्हटलं, तुम्ही गड्ड्याला, आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, या, आमच्याकडंच उतरा.

त्या खरंच आल्या. संक्रांतीला, काकूंबरोबर, तीन दिवस. १४ जानेवारीला संमती कट्ट्यावरचा सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा पाहिला, मिरवणुकीतल्या सातही उंच नंदीध्वजांना हात जोडले. मग मी त्यांना तळ्याकाठी नेलं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात हे तळं लोकांच्या श्रमानं खोदवलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी ते सांगितल्यावर आजी पाण्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. “किती जणांनी पाट्या वाहिल्या असतील गं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आजी आमच्या गच्चीवर. आईनं वर्षाची ज्वारी भरून ठेवली होती, ती पोती आईकडून उघडून घेऊन त्यांनी चादरीवर पसरली होती आणि सूप घेऊन पाखडत, निवडत बसल्या होत्या. शेजारी काकू कडुनिंबाचा पाला वाळवत होत्या. आई “अहो राहू द्या” म्हणत दोघींभोवती घुटमळत होती. आजींनी मान वर केली नाही. दुपारपर्यंत दोन पोती झाली.

“तुझं रान न्हाई, पण धान्य हाय की,” सूप आपटत त्या मला म्हणाल्या. “बारा दिवसांतलं दोन फिटलं. राह्यलेला चर उन्हाळ्यात घ्यायचाय. वारं नसंल तवाच आखू.”